घरच्या फुलझाडांचे बी : धरावे कसे, द्यावे कसे

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि पुढे ही रीत गावोगावी गेली. चैत्र-वैशाखातल्या संध्याकाळी लोक घटकाभर एकत्र जमतात. कोणी राजकारणावर बोलतो, कोणी संतवाङ्मयावर. त्यांच्या मानाने आमचा आजचा विषय अगदीच लहान आहे. पण याच दिवसांत घराघरांच्या फडताळांतून, जुन्या पाकिटांत नि चिंध्यांच्या पुरचुंड्यांत, पुढल्या पावसाळ्याचे बी निजलेले असते. मृग नक्षत्र अजून काही आठवड्यांवर आहे. तेव्हा बियांविषयी जे ऐकावयाचे ते आताच ऐकलेले बरे.

वनस्पतिशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. जे थोडे ठाऊक आहे ते डब्यांत माती भरून, वाचनालयातली पुस्तके चाळून, आणि मुख्यतः चुका करून मिळविले आहे. त्यांतली एक चूक प्रथम सांगतो, कारण आजचे सारे विवेचन तिच्यातूनच निघाले आहे.

आमच्या जुन्या चाळीत एक वृद्ध बाई होत्या. सारे त्यांना मावशी म्हणत. त्यांच्या खोलीपुढच्या कठड्याशी डालड्याच्या रिकाम्या डब्यात गोकर्णाचा एक वेल होता. फूल पांढरे, आणि साध्या गोकर्णासारखे एका पाकळीचे नव्हे, तर दाट पाकळ्यांचे. पुढे चाळ पाडून नवी इमारत बांधावयाचे ठरले. बिऱ्हाडे हलू लागली. मावशींचा वेल जावयाचा, हे उघड होते. आम्ही पुढाकार घेतला. भर भाद्रपदात वेलावरच्या होत्या नव्हत्या तेवढ्या शेंगा तोडल्या, बी सोलले, आणि लोणच्याच्या एका रिकाम्या बरणीत भरून झाकण घट्ट लावले. ‘मला दोन दाणे दे’ म्हणून शेजारच्या दोघीतिघी आल्या होत्या. त्यांना सांगितले, ‘आता नको, पुढल्या वर्षी रीतसर वाटू.’ सर्व बी एका ठिकाणी, एका जबाबदार माणसाच्या ताब्यात असले म्हणजे सुरक्षित, अशी आमची समजूत होती.

पुढल्या मृगाला बरणी उघडली तेव्हा आंबूस वास आला. बियांवर पांढरी बुरशी होती. तरी धुऊन पेरले. एकही दाणा उगवला नाही. मावशींचा डबा तोवर राडारोड्याखाली गेला होता.

ती जात अजून आहे, पण ती आमच्यामुळे नव्हे. काही वर्षांपूर्वी निवृत्त होऊन कोकणात आपल्या गावी गेलेल्या एका सोबत्याने जाताना मावशींकडून पाचसात दाणे मागून नेले होते. त्याच्या अंगणाच्या कुडावर तो वेल पसरला होता. आमची हकीकत कळताच त्याने वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली एक पुडी एस.टी.ने येणाऱ्या माणसाबरोबर पाठवून दिली.

यात आमच्या दोन चुका झाल्या. एक शास्त्राची : न पिकलेले, न वाळलेले बी आम्ही कोंडून ठेवले. दुसरी समजुतीची : सगळे बी आम्ही एकाच हाती ठेवले. या दोन्ही चुका आपणांपैकी कोणाकडून होऊ नयेत, एवढ्यासाठीच हा प्रपंच.

बारमाही झाडाचे बी कशाला?

झेंडू, तेरडा ही झाडे एका हंगामात उगवतात, फुलतात आणि मरतात. त्यांचे बी धरले नाही तर पुढल्या वर्षी फूल नाही. म्हणून ते धरावयाची सवय पुष्कळांना असते. सदाफुली, गोकर्ण, अबोली, गुलबक्षी, कर्दळ ही झाडे वर्षानुवर्षे टिकणारी. गुलबक्षीचा पाला उन्हाळ्यात वाळून जातो, पण जमिनीत तिचा कंद असतो आणि पावसाबरोबर ती पुन्हा फुटते. कर्दळीचेही तसेच. त्यामुळे माणसाला वाटते, झाड तर आहेच, बी धरून काय करावयाचे?

पण बारमाही म्हणजे अमर नव्हे. कुंडीतली सदाफुली तीनचार वर्षांत खोडाशी लाकडासारखी होते, फुले विरळ होतात, आणि एखाद्या पावसाळ्यात मुळाशी पाणी साचून ती कुजते. अबोलीचीही तीच गत. शिवाय शहरात झाडापेक्षा माणूसच अस्थिर असतो. बिऱ्हाड बदलते, इमारत पडते, गच्ची दुरुस्तीला निघते. झाड हलविता येत नाही. बी खिशात मावते. एक वेल मरण्याच्या आधी त्याचे बी दहा घरी असले, तर तो वेल मेला असे म्हणता येत नाही.

बी केव्हा काढावे?

झाडावर बी धरते याचा अर्थ ते पिकले असा नव्हे. फळात बी आधी आकाराने भरते, मग त्यात अन्नसाठा होतो, आणि सर्वांत शेवटी त्यातले पाणी कमी होऊन ते झाडापासून मोकळे व्हावयास तयार होते. ही शेवटची पायरी होण्यापूर्वी तोडलेले बी दिसावयास चांगले दिसते, पण ते अशक्त असते. आमच्या हातून नेमके हेच झाले होते.

प्रत्येक झाडाची सांगण्याची तऱ्हा निराळी. गोकर्णाची शेंग चपटी. ती हिरवी असताना हात लावू नये. पिवळट, मग गवती रंगाची होऊन हलविली असता आत बी खुळखुळू लागले म्हणजे तोडावी. आणखी चार दिवस थांबाल तर शेंग स्वतःच पीळ पडून उकलते आणि बी खाली विखुरते.

सदाफुलीच्या फुलाच्या जागी दोन बारीक शेंगा जोडीने उभ्या राहतात. त्या हिरव्याच्या पिवळसर झाल्या की लक्ष ठेवावे. एका बाजूने उकलल्या की आतले काळे, राईहूनही बारीक बी वाऱ्याने उडते. जुन्या मलमलीची चिंधी शेंगांभोवती सैल बांधून ठेवली म्हणजे चुकामूक होत नाही.

अबोलीची गंमत वेगळीच आहे. फूल अबोल खरे, पण फळ मोठे बोलके! कणसातली बोंडे वाळून तपकिरी झाली आणि त्यांवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकतात व बी दूर उडवितात. पावसात बी रुजावयास ओल मिळते, म्हणून झाडाने केलेली ही योजना. तेव्हा अबोलीची वाळलेली कणसे कोरड्या दिवशी, दव ओसरल्यावर कापावीत आणि कागदाच्या पिशवीत ठेवावीत. घाई असेल तर ती पातेल्यात घालून पाण्याचा हलका शिंतोडा द्यावा व वर फडके झाकावे. तडतड आवाज होऊन बी पातेल्यातच पडते. मात्र असे काढलेले बी लगेच पुन्हा वाळवावे लागते.

गुलबक्षीचे बी सर्वांत सोपे. फूल गळाल्यावर हिरव्या वाटीत एकच दाणा दिसतो. तो काळा झाला आणि बोट लावताच हाती आला, की पिकला. कर्दळीचे काटेरी दिसणारे बोंड वाळून फुटले म्हणजे आत काळे, गोल, बंदुकीच्या छर्ऱ्यासारखे कठीण बी असते.

आणखी एक गोष्ट. बहुतेक लोक फुले मनसोक्त तोडतात आणि हंगामाच्या शेवटी जे रोगट उरेल त्याचे बी धरतात. शेतकरी असे करीत नाही. तो उभ्या पिकातले उत्तम कणीस आधीच हेरून बियाला राखतो. आपणही ज्या झाडाची वाढ निकोप आहे त्याच्या दोनचार फांद्यांना रंगीत दोरा बांधावा आणि घरात सर्वांस सांगून ठेवावे की, दोऱ्याची फुले देवालाही तोडावयाची नाहीत. शक्य तर एकाच झाडाचे न घेता तीनचार झाडांचे बी मिसळून ठेवावे. एका झाडात असलेले वैगुण्य मग सर्वांच्या वाट्याला येत नाही.

वाळविणे आणि साठविणे

बी हे मेलेले नसते. ते श्वास घेत असते, अगदी मंद गतीने. ओल आणि उष्णता वाढली की त्याचा श्वास वाढतो, साठविलेले अन्न संपते, बुरशी चढते. अमेरिकेतील बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांनी याविषयी एक सोपा ठोकताळा घालून दिला आहे. बियातील ओलाव्याचे प्रमाण १४ टक्क्यांपासून ५ टक्क्यांपर्यंत उतरत असता, दर एक टक्का ओल कमी झाली की बियाचे आयुष्य साधारण दुप्पट होते. आणि साठविण्याच्या जागेचे तापमान दर ५ अंश सेल्सिअसने उतरले की पुन्हा दुप्पट होते. म्हणजे ओलसर बी गरम स्वयंपाकघरात महिन्यांत मरेल, आणि तेच सुके बी थंड जागी वर्षे काढील.

कोरडेपणाने काय साधते याचे एक उदाहरण वाचून आम्ही थक्क झालो. अर्जेंटिनात एका प्राचीन वस्तीच्या उत्खननात अक्रोडाच्या कवचाचे जुने खुळखुळे सापडले. खुळखुळ्यात आवाजासाठी कर्दळीच्या जातीचे बी घातलेले होते. त्यातला एक दाणा रुजला. त्याचे वय किरणोत्सर्गी कार्बनच्या पद्धतीने काढले ते सुमारे ६०० वर्षे भरले. हा निष्कर्ष १९७१ साली प्रसिद्ध झाला. आपल्या दारची कर्दळ त्याच कुळातली आहे.

घरगुती रीत अशी. काढलेले बी कागदावर पातळ पसरून सावलीत, वाऱ्याला, आठदहा दिवस वाळवावे. कडक उन्हात किंवा पत्र्यावर तापवू नये. वरचे कवच वाळते आणि आतला अंकुर भाजतो. वाळलेले बी नखाने दाबून पाहावे; व्रण उमटला तर अजून ओल आहे. मग ते कागदाच्या पुडीत बांधावे. पुड्या काचेच्या बरणीत ठेवावयाच्या असतील, तर तळाशी कोरडे भाजून गार केलेले तांदूळ घालावेत. ते उरलीसुरली ओल ओढून घेतात. आमच्या आज्या बियांत चुलीची चाळलेली राख मिसळीत, तिचेही काम थोडेफार तेच. गोकर्ण हे कडधान्याच्या कुळातले, त्याला भुंगा लागण्याची भीती असते. तेथे राखेचा दुहेरी उपयोग होतो. शीतकपाट असेल तर बरणी त्यात ठेवावी, पण बी पुरते सुकल्यावरच. आणि बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या उष्णतेला आल्याखेरीज झाकण उघडू नये. नाही तर हवेतले बाष्प थंड बियांवर जमते आणि सारी मेहनत पाण्यात जाते.

पेरण्यापूर्वी परीक्षा घ्यावी. दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत, फडके वाळू देऊ नये. बी रुजण्यास सवड देऊन मग मोजावे. दहांतले आठ रुजले तर बी चांगले; तीनच रुजले तर दाट पेरावे; एकही नाही, तर कोणाला देऊ नये. दुसऱ्याच्या कुंडीत महिनाभर निराशा पेरण्याचा आपणांस अधिकार नाही.

कठीण कवचाच्या बियांना आणखी थोडी मदत लागते. गोकर्णाचे बी रात्रभर पाण्यात भिजवावे. जे फुगेल ते पेरावे. जे फुगणार नाही ते खरखरीत दगडावर किंचित घासून पुन्हा भिजवावे. कर्दळीच्या बियाला कानस लावून आतला पांढरा भाग जेमतेम दिसेपर्यंत घासावे. सदाफुलीच्या बियाला उलट अंधार हवा. ते मातीने नीट झाकावे आणि रुजेपर्यंत कुंडीवर पुठ्ठा ठेवावा.

बी आईसारखेच निपजेल काय?

हा प्रश्न आम्हांस नेहमी विचारतात. ‘पाकिटातल्या बियाची सदाफुली इतकी टपोरी होती, तिचेच बी धरले तर पुढल्या वर्षी बारीकसारीक फुले का आली?’ याचे उत्तर आपल्या परसातली गुलबक्षी देते.

मेंडेलने वाटाण्यावर केलेल्या प्रयोगांचा निबंध १८६६ साली प्रसिद्ध झाला आणि विस्मृतीत पडला. १९०० साली ज्यांनी त्याचे नियम पुन्हा उजेडात आणले त्यांत कार्ल कॉरेन्स हा जर्मन शास्त्रज्ञ होता, आणि त्याच्या आवडत्या झाडांपैकी एक म्हणजे गुलबक्षी. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला की सगळी रोपे गुलाबी फुलांची येतात. पण त्या गुलाबी रोपांचे आपसांतले बी पेरले, तर पुढल्या पिढीत सरासरीने चारांत एक लाल, दोन गुलाबी आणि एक पांढरे निघते. गुलाबी रंग एक पिढी एकजिनसी दिसला, दुसऱ्या पिढीत फाकला.

दुकानातले संकरित बी हे त्या पहिल्या पिढीचे असते. दोन निवडक वाणांचा संकर करून ते दर वर्षी नव्याने तयार करावे लागते. ते वाईट असते असे मुळीच नव्हे. फुले एकसारखी नि भरघोस येतात. पण त्याचे घरी धरलेले बी फाकते, आणि गिऱ्हाइकाला पुढल्या वर्षी पुन्हा दुकानाची पायरी चढावी लागते. ज्याला आपले बी आपण धरावयाचे आहे त्याने गावठी, पिढ्यान्‌पिढ्या स्थिर झालेले वाण घ्यावे. गोकर्णाचे फूल बहुतांशी आपल्याच परागाने फळते, म्हणून मावशींची दाट पांढरी गोकर्ण कोकणातूनही तशीच परत आली. गुलबक्षीचे तसे नाही. तिच्याकडे संध्याकाळी पतंग येतात, आणि शेजारी दुसरा रंग असेल तर मुलांचा रंग सांगता येत नाही. शुद्ध रंग हवा असेल तर फूल उमलण्यापूर्वीच कळीवर मलमलीची पिशवी बांधावी.

काही झाडांचे बी मिळतच नाही. मोगरा आपल्याकडे सहसा बी धरीत नाही. तो दाब कलमाने किंवा फांदी लावून वाढवावा. अबोलीची ‘दिल्ली’ नावाची जात फार मोहक, पण तिच्या पेशींत रंगसूत्रांचे तीन संच असल्यामुळे ती वांझ आहे. तिचीही फांदीच लावावी लागते. फांदीपासून झालेले रोप म्हणजे तेच झाड दुसऱ्या जागी. त्यात फसगत नाही, पण नवेपणही नाही; मूळ झाडाचा रोग फांदीबरोबर जातो. बियातून मात्र दर वेळी नवे मूल जन्मते. दहा घरी बी दिले की दहा प्रकारच्या मातीत, उन्हात, वाऱ्यात ते पारखले जाते, आणि जे तगते ते त्या जागेचे होऊन राहते.

वाटप

आता दुसऱ्या चुकीकडे वळू. आपण ज्यांना गावची फुले म्हणतो त्यांतली किती फुले मूळ येथली आहेत? गुलबक्षी आणि कर्दळ अमेरिकेतल्या, सदाफुली मादागास्कर बेटावरची. हाताहातांतून देशोदेशी फिरली म्हणूनच ती आपल्या दारी आली. १९५२ साली जमैकाहून टपालाने एका डॉक्टरकडे सदाफुलीची थोडी पाने आली. तिकडे लोक मधुमेहावर तिचा काढा घेत. ती पाने कॅनडातील संशोधक रॉबर्ट नोबल यांच्या हाती पडली. मधुमेहाला त्यांचा उपयोग दिसला नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांनी कमी होतात असे आढळले. नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांनी १९५८ साली त्यातून विनब्लास्टिन हे द्रव्य वेगळे केले. त्याच झाडातले दुसरे द्रव्य विनक्रिस्टिन. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही वापरतात. कोणी तरी पाकिटात चार पाने घातली, त्याचा हा परिणाम! मात्र यावरून सदाफुलीची पाने चघळावयास कोणी लागू नये. औषध कारखान्यात मोजून तयार होते; झाड विषारीच असते.

संघटनेच्या कामात आम्ही एक धडा फार उशिरा शिकलो. जी गोष्ट एकाच कार्यकर्त्याच्या डोक्यात किंवा एकाच्याच कपाटात असते, ती त्याच्याबरोबर जाते. सभासदांची यादी चार ठिकाणी असावी लागते. बियाचेही तसेच. कितीही चांगली बरणी असो, ती एक बरणी आहे. म्हणून आमच्या वस्तीत काही घरांनी मिळून जी रीत घातली आहे ती येथे सांगतो.

पहिली गोष्ट, जेवढे बी हाती येईल त्याचे तीन भाग करावयाचे. एक पेरावयास, एक अडीअडचणीसाठी राखून, आणि एक द्यावयास. राखलेला भाग पाऊस दगा देईल या हिशेबाने असतो. पहिली पेरणी उतरेपर्यंत त्याला हात लावावयाचा नाही.

दुसरी गोष्ट, पुडीवर चार शब्द लिहिल्याशिवाय पुडी द्यावयाची नाही : झाडाचे नाव, फुलाचा रंग, बी धरल्याचा महिना व साल, आणि मूळ कोणाच्या घरचे. नावाशिवाय पुडी म्हणजे पत्त्याशिवाय पत्र. शिवाय ज्या घरचे बी असते त्या घरचे नाव राहते; आमच्याकडे पुडीवर अजून ‘मावशींची गोकर्ण’ असेच लिहितात.

तिसरी गोष्ट, विषारी असेल तर तसे ठळक लिहावयाचे. गुलबक्षीचे बी मिऱ्यासारखे दिसते आणि ते पोटात गेल्यास बाधते. कण्हेर आणि पिवळी बिट्टी यांचे बी तर जिवावर बेतते. लहान मुले असलेल्या घरी आम्ही ते देतच नाही.

चौथी गोष्ट परतफेडीची. पूर्वी सावकार पेरणीला बी देई ते सवाईने किंवा दिढीने. एक मण नेले तर सुगीला सव्वा किंवा दीड मण त्याच्या कोठारात घालावयाचे. ते वाढीव माप एका माणसाच्या घरी जाई, आणि शेतकरी पुढल्या साली पुन्हा त्याच्याच दारी उभा राही. आज गावोगावच्या बियाणे बँकांतून नेलेल्याच्या दुप्पट परत करण्याची रीत आहे. वरवर पाहता ही दिढीपेक्षा जबर! पण हे माप सामाईक मडक्यात पडते, आणि त्यातून पुढल्या दोन घरांची पेरणी होते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे या शाळेत न गेलेल्या बाईंनी भाजीपाल्याचे व धान्याचे गावठी वाण असेच जमविले, वाढविले आणि वाटले; २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमचा व्यवहार फुलांचा, म्हणून लहान. पण रीत तीच : दहा दाणे नेले, तर हंगामानंतर वीस आणावे.

‘आणि कोणी परत केलेच नाही तर?’ असे विचारतात. करीत नाहीत, पुष्कळजण करीत नाहीत. कोणाची कुंडी मांजराने उकरली, कोणाची बदली झाली, कोणी विसरला. आम्ही त्यांची नावे फळ्यावर लावीत नाही. दहांतल्या दोघांनी परत केले तरी मडके रिकामे होत नाही. आणि कोकणातल्या आमच्या सोबत्याने तरी नेलेले दाणे कोठे परत केले होते? त्याने न केलेली परतफेडच शेवटी आमच्या उपयोगी पडली.

या बाबतीत कायदाही आडवा येत नाही. पीक-वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला आहे. संरक्षित वाणाचे बी छापाच्या पाकिटात भरून, त्या वाणाच्या नावाने विकणे तेवढे मना आहे. हा हक्क कायद्याच्या पुस्तकात आहे. पण ज्या घरात बी धरताच येत नाही त्या घराला त्याचा उपयोग काय? वापरला नाही तर हक्कही बियासारखाच निजून राहतो.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. वाटणे म्हणजे उधळणे नव्हे. घाणेरी ही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बागेची शोभा म्हणून आपल्या देशात आणली गेली. आज तिने रानेच्या राने व्यापली आहेत आणि तेथले गवत नि झुडपे मागे हटली आहेत. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर कॉसमॉसची पिवळी-केशरी फुले पाहून लोक हरखतात. पण तेही परदेशी, आणि ज्या जागी ते माजते तेथील मूळच्या रानफुलांना ते जागा ठेवीत नाही. सहलीला जाताना खिशातून बी नेऊन डोंगरावर टाकणे हे पुण्यकर्म नव्हे. बागेचे बी बागेतच द्यावे. हातातून हातात द्यावे, म्हणजे ते कोठे गेले हे देणाऱ्याला ठाऊक राहते.

आता काय करावयाचे?

घरी गेल्यावर फडताळातल्या पुड्या काढा. प्रत्येकीतले दहा दाणे ओल्या फडक्यात ठेवा. जे रुजेल त्याच्या पुडीवर नाव घाला. मृगाचा पहिला चांगला पाऊस झाल्यावर पेरा, आणि त्याच आठवड्यात एक तरी पुडी शेजारच्या घरी द्या. शेजारी फुलझाडे लावीत नसेल तरी द्या; कदाचित त्याची मुलगी लावील.

मावशी आता नाहीत. नव्या इमारतीत त्यांना खोली मिळाली, पण गॅलरी नव्हती. खिडकीच्या गजाशी त्यांनी कोकणातून परत आलेली गोकर्ण शेवटपर्यंत लावली होती. पहिले फूल आले तेव्हा आम्ही मुद्दाम पाहावयास गेलो. आम्ही बरणीची गोष्ट काढून क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, ‘अरे, मला तरी ती कोणी दिली होती!’ आणि शेंगा पिकल्यावर पहिली पुडी त्यांनी आमच्याच हातावर ठेवली. त्या पुडीतले बी आज आमच्या ठाऊकीत अकरा घरी आहे. त्यापुढे ते कोठे कोठे गेले, याचा हिशेब आमच्यापाशी नाही.